वाळूत चढलेली गाडी

माझी आंब्याची बाग वर सड्यावर, कातळाच्या पठारावर आहे, शेजारी चुलतभावाची. रस्त्याचा वरचा तुकडा त्याचा. तिथे त्याने दगडांचा आडवा गडगा घातला. खालचा माझा, तो मी चर खणून बंद केला. उरली मागची कातळाची चढण. तिथून पेट्या उतरवायच्या तर चारही चाकांना जोर देणारी फोर-व्हील गाडी हवी, नाहीतर त्याच्यापुढे हात जोडायचे. त्यापेक्षा मी आंबा झाडावर कुजू दिला असता.

जुनी पिकअप मिळाली मालवणजवळ, किनाऱ्याला लागून. विकणारा गोडबोल्या, गळ्यात जाड साखळी. नांदगावच्या नाक्यावर टपरी चालवताना असले मी रोज बघितले आहेत. त्याने गाडी वाळूत घातली आणि फोर-व्हील लावून टेकाडावर चढवली.

"बगलात? हय चलता ती खंयय चलतली."

"माका शिकवू नको," मी म्हटलं आणि भाव पाडायला बसलो. घाम फोडला त्याला. नंतर शब्द फिरवील म्हणून तिथूनच देवळात नेलं, नारळ ठेवायला लावून सौदा पक्का झाल्याचं गाऱ्हाणं देवाला घालून घेतलं. देवापुढे ठरलेला सौदा आमच्याकडे मोडत नाहीत.

कातळावर फोर-व्हील टाकताच गाडी आखडली. टायर किंचाळले, खालून कडकड आवाज आला. कणकवलीच्या फिटरने उघडून दाखवलं: पुढचा डिफरन्शियल, म्हणजे चाकं फिरवणारा दात्यांचा डबा, एका गाडीचा, मागचा दुसरीचा. दात जुळत नाहीत, म्हणून पुढची चाकं एका वेगाने फिरायला बघतात, मागची दुसऱ्याच वेगाने. वाळूत चाकं घसरतात आणि फरक झाकला जातो. कातळावर कसला झाकतोय!

तसंच मालवण गाठलं आणि तोंडाला येईल ते बोललो. त्या निर्लज्जाने खुर्चीसुद्धा सोडली नाही.

"वराडतास कित्याक? गाराणा कोणी घालूक लावल्यान? आता देवाक काय सांगू, नारळ परत दी म्हणान?"

"देवाआड लपतंस? ह्या गाडयेचो मागचो डिफरन्शियल खंय घातलंस ता सांग!"

"दुसऱ्या गाडयेक. ती तुमच्याच चुलतभावाक दिलंय. तुमी फोर-व्हील घेतल्यार तो गप रवतलो थोडोच? कालच माका गाळी घालून गेलो." वर हसतोय. "दोघांनी मागचे अदलाबदल करा. एका दिसाचा काम."

असल्या माणसाने मला शहाणपण शिकवावं!

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो तर चुलतभाऊ गडग्याला टेकून उभा. हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे.

"गाडी कशी आसा रे?"

"फस्टक्लास," मी म्हटलं. "तुजी?"

"आगदी फस्टक्लास."

तो थांबला. मीही थांबलो. अदलाबदलीचं विचारायचं त्याने, आधी गडगा त्याने घातला होता. शेवटी तो पचकन थुंकला आणि वळला.

त्या मोसमात माझ्या पेट्या गड्यांच्या डोक्यावरून उतरल्या. त्याच्याही.