खालच्या मजल्यावरची होडी

बाबा गेल्यावर आठ महिन्यांनी, २००५ च्या एप्रिलमध्ये, आई नागपूरहून अमेरिकेत माझ्याकडे वेस्ट विंडसरला आली. "सहा महिने राहून बघ," असं मी फोनवर म्हटलं होतं. मनातून मात्र तिला कायमचं इथे आणायचं मी ठरवूनच टाकलं होतं. मी एकटीच राहायचे. सकाळी ट्रेनने न्यूयॉर्कला जायचे ते परत यायला आठ वाजायचे. आई दिवसभर खिडकीत बसून पार्किंग लॉट बघायची.

"आज काय केलंस गं?"

"ती निळी गाडी अकराला गेली. चारला आली."



मग एका संध्याकाळी दार उघडलं तर घरात नारळाचा वास. "खालच्या बाईकडे सशाच्या आकाराची खवणी आहे!" आईने उत्साहाने सांगितलं. खालच्या मजल्यावर साठीच्या एक थाई काकू राहायच्या. त्याही एकट्याच, त्यांचे अमेरिकन यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. पायरीवर लाकडी खवणीवर बसून त्या नारळ खवत होत्या. आई शेजारी जाऊन बसली आणि तिने दुसरी वाटी हातात घेतली. ओळख झाली ती एवढीच.

त्यांच्या नारळाच्या छोट्या, गोल, गोड धिरड्यांचा तवा हुबेहूब आपल्या आप्पेपात्रासारखा होता. मी काकूंचं इंग्रजी आईला मराठीत सांगायचे. त्यांची आई रोज पहाटे होडी वल्हवत पाण्यावरच्या बाजारात जायची, होडीतच शेगडी पेटवून ही धिरडी विकायची. लहानग्या काकू मागे बसून होडीत शिरलेलं पाणी वाडग्याने उपसायच्या.

"होडीत शेगडी? पेटली तर?" आईने विचारलं. पाण्याची तिला भारी भीती. नागपूरच्या फुटाळा तलावावरसुद्धा ती काठापासून दहा हात लांब उभी राहायची.

जूनच्या शेवटी एकदा मी आठला घरी आले, तर घर रिकामं. आईकडे मोबाइल नव्हता. खाली गेले, काकूंचं दार बंद. इमारतीमागे त्यांच्या यजमानांची जुनी होडी ताडपत्रीखाली पालथी पडलेली असायची. ताडपत्री होती, होडी नव्हती.

होडी घालता येईल असा जवळपास एकच कालवा होता, गाडीने दहा मिनिटांवर. कशी पोचले ते आता आठवत नाही. काकूंची गाडी पुलाजवळ उभी होती. अंधारून येत होतं. काठाकाठाने धावत मी "आई, आई" ओरडत सुटले. कुणी उत्तर देईना. पाणी काळं, गप्प.

तेवढ्यात वळणापलीकडून आवाज आला, "हळू, हळू!" आणि लगेच दुसरा, काकूंचा, "हलू, हलू!" मागोमाग दोघींचं हसणं.

आईचं हसणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मी तिथेच मातीत बसले. वळणावरून होडी आली. पुढे आई, साडीवर नारिंगी लाइफ जाकीट, दोन्ही हातांनी कड घट्ट धरलेली. मागे काकू वल्हवत होत्या. दोन्ही काठांच्या गवतातून काजवे वर येत होते, पाचपन्नास, मग मोजता येणार नाहीत इतके.

"आई! अगं, कळवायचं तरी!" मी रडत ओरडले.

"ओरडतेस काय? विझतील ना ते," आई म्हणाली. "चिठ्ठी ठेवलीय देवापाशी."

नागपूरला महत्त्वाचे कागद देवापाशीच ठेवायची आमच्याकडे पद्धत. मी सगळं घर पाहिलं होतं, देवांचं कपाट सोडून. काकूंनी होडी काठाला लावली, वल्हं आडवं ठेवलं आणि मला होडीत ओढून घेतलं. मी आईचा ओला पदर धरून बसले. ती जिवंत, धडधाकट होती; पुढचा अर्धा तास मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये सहा महिने संपले. कायमचं आणण्याचे कागद होईपर्यंत आईला नागपूरला सोडायला निघाले, तेव्हा काकूही बहिणीकडे चालल्या होत्या. आम्ही वाटेत बँकॉकजवळ त्यांच्याकडे दोन दिवस थांबलो. पाण्यावरच्या त्या बाजारात काकूंची बहीण आता त्यांच्या आईच्या जागी बसून धिरडी विकत होती. अरुंद कालव्यात होड्या एकमेकींना घासून चाललेल्या. कुणाकडे पपनसांचा ढीग, कुणाकडे वाफाळत्या नूडल्स. विकणाऱ्या बायका काठीच्या टोकाला टोपली बांधून माल काठावर पोचवायच्या. आईने चक्क मराठीत घासाघीस करून केळी घेतली आणि एक फणी जास्तीची मागून घेतली.

दिवेलागणीला बहिणीच्या मुलाने आम्हाला होडीतून नदीवर नेलं. तिथले काजवे वेगळेच. झाडं भरून बसलेले आणि सगळे एकदम पेटायचे, एकदम विझायचे. आई बराच वेळ बघत होती.

"एक सांगू? रागावू नकोस," ती म्हणाली. "मला नागपूरलाच राहायचंय. तुझ्याकडे येईन मी, दरवर्षी येईन. पण राहणार नाही."

"एकटी?"

"आता जमेल मला. पार्किंग लॉटपेक्षा बरं."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिला दिवसभर खिडकीत बसवून ठेवल्याचं ओझं उतरलं, आणि त्याची लाज वाटून मी तिच्याकडे पाहिलं, तर तिचाही चेहरा सैल झालेला. म्हणजे तीही सहा महिने हे बोलायला धजत नव्हती.

काकूंनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात आई आली, ती आल्या दिवशी बॅगसुद्धा न उघडता थेट खाली काकूंकडे गेली.