चाचणी आवृत्तीला आमची स्मरणपत्रं

आमच्या घरातला कॉम्प्युटर बिघडवला तो माझ्या वडिलांनी, आणि तोही एका चौकटीचा मान राखायला जाऊन.

गेल्या वर्षी मे महिन्यात स्क्रीनवर ती चौकट आली. नवी ऑपरेटिंग सिस्टिम यायची आहे, तिची चाचणी आवृत्ती सगळ्यांच्या आधी वापरून बघा, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, असं काहीतरी तिच्यात होतं. शहाणा माणूस अशी चौकट वाचतसुद्धा नाही, फुलीवर टिचकी मारून पुढे जातो. अण्णांनी ती पूर्ण वाचली. साताऱ्याला बांधकाम खात्यात आवक-जावक विभागात उभी नोकरी काढलेला माणूस. आलेला कागद नोंदवायचा आणि त्याला उत्तर गेलंय ना ते बघायचं, हेच आयुष्यभर केलेलं. कुणीतरी लेखी मत मागतंय म्हटल्यावर गप्प बसणं त्यांना शक्यच नव्हतं. मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कामासाठी उरणच्या गोदामांची कागदपत्रं तपासत बसले होते. बाहेर अण्णांनी ‘सहभागी व्हा’ दाबलं आणि तासाभराने हाक मारली, “अगं, मशीन नवीन झालंय बघ!”

हा कॉम्प्युटर हॉलमध्ये फक्त त्यांच्यासाठी होता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा मागचा पडदा झिजत चाललाय. आई गेल्यावर मी त्यांना खारघरला घेऊन आले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, आणि राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. म्हणून मी मिळेल तेवढा मोठा स्क्रीन घेतला. अक्षर चौपट करून, स्क्रीनला नाक लावून ते रोज सकाळी पेपर वाचायचे. अग्रलेखापासून निविदा सूचनांपर्यंत सगळं, आपलं आपण, कुणाला हाक न मारता. त्यावर त्यांचा पुढचा दिवस छान जायचा.

नव्या आवृत्तीने नेमका तिथेच घाव घातला. मराठी अक्षर मोठं केलं की शिरोरेषेच्या वरचं सगळं कापलं जायचं. ना वेलांटी, ना मात्रा, ना रफार. न्हाव्याने डोकं भादरावं तशा ओळीच्या ओळी. इंग्रजीला काही झालेलं नव्हतं. अक्षर लहान केलं की मराठीही नीट दिसे, पण लहान अक्षर अण्णांना दिसत नसे. आता याला काय म्हणायचं? बाकीचे प्रताप वेगळेच. प्रिंटर आपल्याला ओळखत नाही म्हणून सांगायचा. घड्याळ मनाला येईल ती वेळ दाखवायचं. आणि दर आठवड्याला एक अपडेट, त्यात अर्धा तास नुसतं ते गोल फिरणारं चक्र बघत बसायचं.

सेक्टरमधल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मशीन बघून कपाळाला हात लावला. “मॅडम, हे चाचणीवालं बीटा कोण टाकतं मेन मशीनवर? टेन्शन नका घेऊ. फॉरमॅट मारतो, जुनं टाकून देतो. दोन तासाचं काम.”

मी हो म्हणणार तोच अण्णा खुर्चीतून म्हणाले, “थांबा. आपण अजून त्यांना कळवलंच नाही.”

“कुणाला, काका?”

“ज्यांनी मत मागितलंय त्यांना. कळवायचं, उत्तराची वाट बघायची. प्रकरण चालू असताना फाईल बंद करायची नसतीय.”

दुरुस्तीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. तिथेच माझं चुकलं.

अभिप्राय लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मला एक ओळ पुरली असती: मराठी अक्षरं मोठी केली की वरून कापली जातात. पण अण्णा सांगणार आणि मी टाइप करणार. “विषय: देवनागरी अक्षरांचा वरील भाग दिसत नसल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...” इथवर येईतो चौकट भरली. तिला शब्दांची मर्यादा होती आणि मूळ तक्रार अजून सुरूही झाली नव्हती.

“मग खाली ‘पुढील पानावर चालू’ असं लिही आणि दुसरी चौकट उघड,” अण्णा म्हणाले.

एका दोषासाठी त्या दिवशी मी तीन अभिप्राय पाठवले. प्रत्येकाला त्यांनी जावक क्रमांक दिला. जाड काळ्या मार्करने, लांबट वहीत, एका पानावर दोन ओळी.

उत्तर कुठलं यायला! ‘आपण दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहोत’ असा आपोआप सुटणारा एक संदेश आला. अण्णांनी तो पोच म्हणून धरला. तीन आठवड्यांनी स्मरणपत्र क्रमांक एक. मग दोन. मग तीन, त्यात ‘अद्याप उत्तर अप्राप्त आहे, ही बाब खेदजनक आहे’ हे वाक्य त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मी म्हटलं, “अण्णा, तिकडे हे कोण वाचणार आहे?”

“कुणीतरी असतंयच आवकला बसलेलं.”

आणि तोवर पेपर कोण वाचणार? मी. नऊला माझं काम सुरू होतं. त्याआधी डबा, भाजी, टाकीत पाणी नाही म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर चाललेली भांडणं, आणि त्यातच तासभर मी फोनवरून मोठ्याने पेपर वाचायचा. घाईत एखादा परिच्छेद गाळला की लगेच, “मधलं काहीतरी खाल्लंस.” निविदा सूचनासुद्धा सुटायच्या नाहीत. पनवेलमधल्या कुठल्या गटाराचं टेंडर निघालंय हे ऐकून त्यांना काय मिळायचं, देव जाणे. वाचता वाचता मी मशीनला शिव्या घालायची, ते बनवणाऱ्यांना घालायची, मग अण्णांनाही सुनवायची. “दोन तासाचं काम होतं! आज तुमचं तुम्ही वाचत असता!” ते ऐकून घ्यायचे, कधी गालात हसायचे, आणि माझा आणखी भडका उडायचा. दोन-चार दिवसांनी एकदा मी विचारायची, “आलं का वरचं?” ते स्क्रीनला नाक लावून सांगायचे, “कुठलं? कापलेलंच हाय.” मी स्वतः जाऊन बघत नसे. स्मरणपत्र टाइप करायला बसले तरी अक्षर आधी माझ्या मापाचं लहान करून घ्यायची. कामापुरतं बसायचं आणि उठायचं. त्या मशीनचं तोंडही बघायची माझी इच्छा नव्हती.

ऑगस्टमध्ये चौथं स्मरणपत्र गेलं, मग पाचवं गेलं. गौरी-गणपती झाले. आणि एका सकाळी माझ्या फोनवर, मेलमध्ये, खरोखरच उत्तर आलं. आपोआप सुटलेलं नव्हतं, माणसाने लिहिलेलं होतं. इंग्रजीत चार ओळी. आमचे सगळे अभिप्राय कुणीतरी वाचले होते, ‘पुढील पानावर चालू’सकट. हा दोष जुलैअखेरच्या अपडेटमध्ये दुरुस्त केला आहे, तरीही तुम्हाला तो दिसत असेल तर कृपया स्क्रीनचा फोटो पाठवा, असं त्याने लिहिलं होतं.

मी तरातरा हॉलमध्ये गेले, पेपर उघडला, अक्षर चौपट केलं. मथळा पूर्ण होता. वेलांट्या, मात्रा, रफार, सगळं जागच्या जागी. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“अण्णा, हे नीट झालंय! जुलैपासून नीट आहे! मी रोज सकाळी घसा फोडतेय, तुम्ही ‘कापलेलंच हाय’ म्हणताय, आणि वर त्यांना स्मरणपत्रं पाठवायला लावताय! आयुष्यात खोटा कागद पाठवला नाही म्हणता ना?”

“तेवढे दोनच पाठवले,” अण्णा म्हणाले.

“पण का?”

त्यांनी मान तिरकी करून स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे, तसंच तिरकं.

“वेलांट्या आल्या ते कळलं मला. त्याच दिवशी कळलं. पण त्यांच्या खालचं अक्षर दिसंना. कडेचं दिसतंय, मधलं न्हाई.”

हातातला फोन मी टेबलावर ठेवला. “मग सांगायचं नाही मला?”

“मशीन बिघडलंय म्हटलं की तू नुसती चिडतीस. डोळं गेलं म्हटलं असतं तर रडत बसली असतीस. रोज सकाळी उठून रडणारी पोरगी मला कशाला पायजे?”

मी त्यांच्यावर चिडायचा प्रयत्न केला. तोंड उघडलंही, पण जमलं नाही.