भावाची ओवी

आमचा रॉक बँड इतका कर्कश होता की लातुरात वाढदिवसालासुद्धा कुणी बोलवायचं नाही. म्हणून गिटार वाजवणारा मित्र जेव्हा म्हणाला, "एक खेड्यातलं गाणं करू. तुझी आई लग्नाची हळद दळताना म्हणते ना, ते," तेव्हा मला त्याचाच संशय आला. त्याच्या घरचा धंदा लग्नांना साउंड भाड्याने देण्याचा. म्हटलं, नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय. गडी आईच्या ओव्या वरातीत डीजेवर वाजवणार.

आई माझ्याहून संशयी. "तुमच्या त्या आरडाओरड्यात माझं जातं कशाला पाह्यजे?"

"मावशी, तुमच्या आवाजाला हात न्हाई लावणार," तो म्हणाला. इतकं गोड बोलणं मला तर अजिबात पटलं नाही.

तरी आई बसली. स्वयंपाकघरात पंखा बंद करून त्याने जात्याजवळ माइक ठेवला. मी ड्रम सोडून उलट्या पातेल्यावर हलका ताल धरला. आमच्याकडे या ओव्यांना क्रम असतो. आधी देवाची, मग आईबापाची, मग भावाची, शेवटी नवरीची. आईने देवाची म्हटली, आईबापाची म्हटली. मग हात फिरत राहिला, पण तोंड मिटलेलं. तेवढा वेळ नुसती जात्याची घरघर. त्यानंतर एकदम नवरीची ओवी.

परत घेतलं, परत तेच.

"विसरले," ती म्हणाली. कुठल्या बारशाला कोण कुठली साडी नेसून आली होती, हे सांगणारी बाई! मला कळलं, ही धडधडीत खोटं बोलतेय. मग कारणही कळलं. भावाच्या ओवीत भावाचं नाव घ्यावं लागतं.

माझा मामा देवणीला असतो. माझ्या बहिणीच्या लग्नात नवऱ्याकडच्या मामाला आधी फेटा बांधला गेला आणि आमचा मामा मांडवातून ताडकन निघून गेला. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. माझ्या बहिणीच्या पाठीशी ऐनवेळी एका चुलत काकाला उभं करावं लागलं. त्या दिवसापासून आईने भावाचं नाव घेतलेलं नाही. मला मामाचा राग होताच, पण त्याची आठवणही फार यायची.

"ती जागा कापून टाक," मी मित्राला म्हणालो.

"राहू दे की. जातं तर चालूच हाय."

आलं लक्षात, तिथं हा स्वतःची गिटार घुसवणार! म्हणून नांदेडच्या स्टुडिओत मी त्याच्या मानगुटीवर बसलो. त्याने गिटार वाजवली ती बाकी सगळीकडे. त्या जागेत बोटसुद्धा लावलं नाही. मी चिडून भांडलो, की लोक म्हणतील गाणं बिघडलंय. तेव्हा कुठे तो बोलला. "त्या लग्नात साउंड आमचाच होता. तुझा मामा माझ्या समोरून गेला, डोळे पुसत. तुला कवा सांगितलं न्हाई. ही जागा त्येची हाय."

डाव होताच तर. फक्त मी समजलो तो नव्हता.

गाणं इंटरनेटवर टाकलं. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी विचारलं, मधे मोबाइल अडकतोय का. मी मित्राला शिव्या घातल्या.

मग एका दुपारी आई कणीक मळत होती आणि फोन वाजला. हात भरलेले, म्हणून स्पीकर मीच लावला. पलीकडून रामराम नाही की काही नाही.

"आक्का, माझी ओवी कुठं हाय?"

मामा होता. आईने आधी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. "ह्या पोरानं लावलं काय रे तुला फोन करायला?"

"न्हाई गं. गाणं ऐकलं. देवाची हाय, आईबापाची हाय. माझ्या टायमाला नुसतं जातं फिरतंय."

मध्ये बोलायची माझी छाती झाली नाही. आईने पदराला हात पुसले आणि फोन स्वतःच्या हातात घेतला.

"फोनवर ओवी म्हणत असतेत व्हय? जातं हितं हाय," ती म्हणाली. "आन् येताना जेवून येऊ नको."