अक्रोडाचं सोटमूळ

अनंता गेल्याचं ग्रुपवर कळलं. खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग. त्यातले निम्मे त्याला 'झाडवाला येडा' म्हणायचे. शिसारी आली. मग आठवलं, ते नाव मीच पाडलं होतं...

दोन हजार आठच्या सुरुवातीला आखातातल्या वाळवंटी अल ऐन शहरात एका बड्या मालकाला बंगल्यापुढे अक्रोडाची झाडं हवी होती. घासाघीस करून ते काम मी मिळवलं. मालकानं बागेच्या देखरेखीला नेमलेल्या कंपनीनं पाठवला तो अनंता, माझा शाळेपासूनचा मित्र. हिमाचलातून रोपं आली. कंटेनरमध्ये जास्त मावावीत म्हणून मी त्यांची सोटमुळं छाटून घेतली होती. अनंतानं एक रोप उचलून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"अरे, हे झाड आधी खाली वाढतं, मग वर. सोटमूळ तोडलंस, आता काय राहिलं? शिवाय हिवाळा सोसल्याशिवाय याला पालवी फुटत नाही."

"ताबा देताना हिरवं दिसलं की खलास. पुढचं कोण बघतंय?"

"याच्या मुळांमुळे शेजारी टोमॅटोसुद्धा जगत नाही," तो म्हणाला. "तुझंच भावंड."

त्यानं सगळं मालकाला सांगितलं. काम गेलं. रोपं माझ्या गोदामामागे कुजली. तो वास अजून नाकात आहे. त्याच वर्षाच्या शेवटी मंदी आली आणि त्याच्या कंपनीनं माणसं कमी करायला घेतली. मी त्याच्या मॅनेजरच्या कानाला लागलो. पहिल्याच यादीत अनंताचं नाव आलं. पुढे तो तिथेच एका शाळेची बाग निम्म्या पगारावर सांभाळत राहिला. आम्ही पुन्हा बोललो नाही. आपलं बरोबर असलं की माणूस इतका का मिरवतो, असं मी वर्षानुवर्षं लोकांना ऐकवत आलो. स्वतःचीच किळस यावी, इतकं.

परवा वहिनींना, अनंताच्या बायकोला, भेटायला गेलो. त्यांनी फ्रिजचा भाजीचा कप्पा ओढला. ओल्या वाळूच्या डब्यात अक्रोड.

"हे दर वर्षी ठेवायचे. तीन-चार महिने थंडी दिली की रुजतात म्हणे. उन्हाळ्यात रोपं मेली, की पुन्हा ठेवायचे."

मला राहवलं नाही. मॅनेजरचं सांगून टाकलं.

"त्यांना माहीत होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तरी तुमच्याबद्दल म्हणायचे, एखादं जगलं तर हिमाचलात न्यायला तोच लागेल. दुसरा कोणी इतक्या स्वस्तात नेणार नाही."

एका अक्रोडाला भेग पडली होती. त्यातून पांढरं मूळ निघून सरळ खाली वाळूत शिरलं होतं. मी ते उपटून पाहिलं नाही. कप्पा हळूच आत सरकवला.