जप चालू असताना मोजलेलं प्रेशर

देवावरचा माझा विश्वास त्या महिन्यात एका लहानशा यंत्रामुळे डळमळला. पुण्याला लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं आणि इकडे कोलकात्यात डॉक्टरांनी माझं प्रेशर वाढलंय म्हणून आठवडाभर घरी मोजून वहीत लिहायला सांगितलं. आकडे उतरल्याशिवाय प्रवासाचं नाव काढायचं नाही, असं आमच्या ह्यांनी बजावलं. बँकेतला माणूस, आकड्यापुढे बायकोचंही ऐकत नाही. दंडाला पट्टा बांधला की मी डोळे मिटून रामनाम सुरू करायची, तेही मोठ्याने, म्हणजे त्याला नीट ऐकू जावं. पट्टा आवळू लागला की माझाही आवाज चढायचा. वर एकशे अठ्ठावन्न, खाली शहाण्णव. चार दिवस जवळपास तेच. शेवटी मी रामावरच रुसले. इतक्या वर्षांत एवढंच मागितलं, तेही तुला जमेना का, असं त्याला तोंडावर बोलून गेले.

पाचव्या दिवशी सकाळी बागबाजारच्या घाटावर जाऊन बसले. शेजारच्या पायरीवर एक वयस्क बंगाली बाई होत्या. त्यांनी सहज विचारपूस केली आणि मला रडूच आलं. मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, जपासकट. त्या निघाल्या निवृत्त नर्स. आधी मनसोक्त हसल्या, मग समजावू लागल्या. एकशे वीस-ऐंशीच्या आत असेल तर उत्तम. घरी सारखं एकशे पस्तीस-पंच्याऐंशीच्या वर येत असेल तर डॉक्टरांनी पाहायलाच हवं. पण मोजायचीही रीत असते. चहानंतर अर्धा तास थांबायचं, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर ठेवून पाच मिनिटं बसायचं. आणि बोलायचं नाही. जपसुद्धा नाही का, असं मी विचारलं. देवाला बंगालीत ठाकुर म्हणतात. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"दीदी, पाँच मिनिट ठाकुर का साथ भी बात नहीं करेगा."

घरी येऊन तशी बसले. सुरुवातीला मनात मागण्यांची रांगच लागली, मग हळूहळू ती ओसरली. यंत्राने दाखवलं एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. पुढचे दोन दिवसही तसंच. डॉक्टरांनी वही पाहिली, लोणचं-पापड कमी करायला आणि मोजत राहायला सांगितलं, आणि जायला परवानगी दिली. मी बेसनाचे लाडू घेऊन घाटावर गेले, तर नर्सबाईंना डायबिटीस! त्यांनी लाडू कपाळाला लावून नातीसाठी ठेवून घेतले.

त्यांना माझ्या शेजारी कुणी बसवलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मनापासून हात जोडते, एवढंच. माझ्या जपात भक्ती थोडी आणि तगादा फार होता, हे मात्र मला कळलं.

बाळंतपणाच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर हे घाबरून म्हणाले, "अगं, जप कर ना."

मी म्हटलं, "तो आत तिच्यापाशी आहे. आपण गप्प बसू या."