साखळीपुढचा खेळ

थीम पार्कमधल्या उंच पाळण्यापुढे दोन रांगा होत्या. आधी बुकिंग केलेल्यांसाठी साखळी लगेच उघडायची. आम्ही बाकीचे दुपारभर ताटकळत होतो. आभाळ काळवंडून आलं होतं, आणि पाऊस आला की पाळणा बंद.

माझ्यापुढच्या दोन चिमुरड्या बहिणी खेळू लागल्या. थोरलीने हात आडवा धरला. “बुकिंग आहे का गं तुझं?”

“नाही.”

“मग हो बाजूला!”

त्यांची आई हसली. धाकटी मुकाट्याने बाजूला झाली. माणसाला बाजूला व्हायला शिकवायला एवढी एक दुपार पुरते.

अखेर साखळी आमच्यासाठी उघडली. “चल, चल!” आई ओरडली. पाळण्यासाठी सकाळपासून हटून बसलेली धाकटी मात्र बुकिंगवाल्यांच्या रांगेकडे पाहत बाजूला सरकली, कुणाला तरी वाट द्यायला.

त्या रांगेत कुणीच नव्हतं.