इशाकुर पडल्याचं साल

तबनीच्या हातची जवाची दारू प्यायला लोक कालव्यापलीकडून होड्या वल्हवत येत, आणि तिच्या सासूच्या शिव्या ऐकायला शेजारपाजारचे फुकट जमत. सासू-सुनेचं हाडवैर होतं. रिशात म्हातारी दाराशी चटई टाकून बसायची आणि रांजणाचं झाकण उघडल्याचा नुसता आवाज आला तरी ओरडायची, "घातलंस पाणी? घाल! माझ्या काळी असली दारू गाढवानं तोंडात धरली नसती."

"तुमच्या काळी गाढवांना विचारत होता वाटतं, आत्याबाई?"

तबनीचा नवरा इद्दिया होड्यांना डांबर लावायचा. तो या दोघींच्या मधे पडत नसे. कढई उचलायचा आणि सरळ घाटावर जायचा.

मग नदीवरच्या मोठ्या शहराचा राजा त्यांच्या इशाकुर गावावर चालून आला. त्यानं आधी कालव्याला वरच्या अंगाला बांध घातला. पाणी आटलं, मासे चिखलात तडफडून मेले, शेतातला जव उभ्या उभ्या वाळला. वेशीबाहेर तंबूंची रांग पडली. लोकांनी गाढवं खाल्ली, मग खजुराच्या बिया दळून खाल्ल्या, मग मूल मेलं तरी आया रडेनाशा झाल्या, कारण रडायलाही अंगात पाणी लागतं. शत्रूनं तटाच्या पायाखाली भुयार खणलं, त्यात वेताचे भारे कोंबले आणि पेटवून दिले. भर दुपारी तट म्हातारा बैल बसावा तसा खाली बसला. त्या धुरळ्यातून माणसं आत आली.

इद्दिया उंबऱ्यावर उभा राहिला. पहिल्या शिपायाच्या तोंडावर त्यानं उकळतं डांबर फेकलं. तो किंचाळत गल्लीत लोळला. पण त्याच्या मागून आलेल्या तरण्या शिपायानं भाला इद्दियाच्या पोटात घातला, फिरवला आणि बाहेर काढला. इद्दिया दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसला, जसा कामावरून दमून आल्यावर बसायचा.

शिपाई आत घुसला. त्यानं रिशातची पांढरी वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला फरफटत ओढू लागला. तबनीनं पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि मागून त्याच्या डोक्यात घातला. तो गुडघ्यावर आला. तिनं परत घातला. मग ती थांबेचना. शेवटी म्हातारीनंच तिचा हात धरला.

"पुरे गं बाई. केव्हाच मेलाय तो."

इतक्या वर्षांत म्हातारी तिला पहिल्यांदाच 'बाई' म्हणाली होती.

घरातले मेलेले घरातच पुरायची रीत होती; मधल्या खोलीच्या जमिनीखाली सासरा होता, तबनीची दोन तान्ही गेलेली मुलंही तिथंच होती. दोघींनी तीच जमीन उकरली. बोटांची सालं निघाली. इद्दियाला जेमतेम झाकेल एवढीच माती पडली, तोच बाकीचे शिपाई दारात आले. त्यांच्या पुढं एक दाढीवाला नायक होता. मेलेल्या पोराचा उरलेला चेहरा त्यानं पाहिला, त्याच्या गळ्यातला ताईत ओळखला आणि मटकन खाली बसला. मेलेला त्याच्या बहिणीचा मुलगा होता.

"कुणी केलं?" त्यानं विचारलं. दोघींचेही हात कोपरापर्यंत लाल होते. "बोला. नाहीतर दोघींची कातडी सोलतो."

"मी केलं," रिशात म्हणाली. "अरे, तुझ्या भाच्याला अक्कल असती तर म्हातारीच्या हातून मेला असता का?"

"या काटक्यांनी?" नायकानं तिचं मनगट उचलून पाहिलं.

"या काटक्यांचा मार कसा लागतो ते माझ्या सुनेला विचार. रोज खाल्लाय तिनं."

नायक तबनीकडं वळला. "खरं का गं?"

म्हातारी तिच्याकडं डोळे वटारून बघत होती. पाहुण्यांसमोर सून काही भलतंच बोलून बसेल अशी भीती वाटली की ती अशीच बघायची.

"हो," तबनी म्हणाली.

म्हातारीला त्यांनी गल्लीत नेलं आणि दगडांनी ठेचलं. तिनं देवाचा धावा केला नाही. नायकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली, आणि आवाज बंद पडला तो एका शिवीच्या अर्ध्यात.

उरलेल्या बायकांना दोरीत ओवून मोठ्या शहरात नेलं आणि राजाच्या मागशाळेत विणायला बसवलं. तिथला मुकादम अविलिया हा पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस होता. नव्या सालाच्या दिवशी ढोल वाजवत दवंडीवाला आला.

"ऐका हो! राजानं इशाकुरचा तट पाडला ते हे साल! सगळ्यांनी हेच म्हणायचं, हेच लिहायचं!"

त्या मुलखात सालाला आकडा नसायचा, नाव असायचं, आणि ते राजा ठरवायचा. कधी देवाला सिंहासन वाहिल्याचं साल, कधी कालवा खणल्याचं. ते साल तबनीच्या गावाच्या मरणाचं झालं. बाजारात बायका म्हणत, "इशाकुर पडल्याच्या साली आमच्या गाईला जुळं झालं गं!" गाठोड्यांवरच्या मातीच्या शिक्क्यांवर तेच. लग्नाच्या करारावर तेच.

अविलियाला यात भारी मौज वाटे. रोज सकाळी तो इशाकुरच्या बायकांना उभं करायचा. "काय गं पोरींनो, साल कुठलं चाललंय?" त्यांनी एका सुरात म्हणायचं. तबनी तोंड मिटून उभी राहायची. ओल्या वादीचे फटके झाले, उपास झाले. एक दिवस त्यानं तिचा डावा हात मागाच्या जाड लाकडाखाली ठेवला आणि वर आरामात बसला. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्या मागशाळेनं ऐकला.

"आता?"

तिनं सांगितलं. त्या हाताची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

अमावास्येला ती अंगणाच्या कोपऱ्यात पाणी ओतून आपल्या मेलेल्यांची नावं घ्यायची, कारण पाणी मिळालं नाही तर ते तहानेनं भटकतात. अविलियानं एकदा लाथेनं तिचं मडकं फोडलं. "तुझे लोक मेल्यावरही फुकट पितात होय?"

सालं बदलली, त्यांची नावंही बदलली. तबनीचे केस पिकले. मग वरच्या मुलखातला दुसरा राजा आला आणि त्यानं या मोठ्या शहराचाही तट फोडला. रस्त्यातून तेच किंचाळणं येऊ लागलं, तोच धुरळा आत शिरला. मागशाळेचं दार मोडून शिपाई आले तेव्हा बायका मागावर बसल्या होत्या. तबनीच्या शेजारी डोक्यावरून शाल घेऊन, दाढी गुडघ्यात लपवून, अविलिया बसला होता.

"यात बाप्या कुणी आहे का?" शिपायानं दरडावलं.

बायकांनी माना खाली घातल्या.

"तबनी, बाई गं," शालीतून कुजबुज आली, "माझी पोरं लहान आहेत."

तबनीनं आपला वाकडा हात वर केला. "हा," ती म्हणाली.

त्याला दारापर्यंतही नेलं नाही. तिथंच, विणलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर पाडून गळा चिरला. एक पोरसवदा विणकरीण ओरडली, तिलाही एका शिपायानं जाता जाता भोसकलं. ती इशाकुरची नव्हती, कुठलीच नव्हती, मागशाळेतच जन्मली होती. या क्षणासाठी तबनीनं मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. ते सगळं सोडून ती त्या पोरीचे डोळे मिटायला खाली वाकली.

नवा राजा जुन्या बंदिवानांना 'जा' म्हणाला. तबनी कालव्याच्या कडेनं खाली चालत निघाली. समोरून दोरीत ओवलेल्या बायका जात होत्या, त्या मोठ्या शहरातल्याच. एकीनं पाणी मागितलं. तबनीनं मशक पुढं केली, तर राखणदारानं दोघींच्याही पाठीवर चाबूक ओढला.

इशाकुर म्हणजे आता नुसतं टेकाड होतं. तिच्या घराच्या उरल्यासुरल्या भिंतींवर वेताचं छप्पर टाकून एक धनगर जोडपं राहत होतं. धनगर सोटा घेऊन धावला.

"कोण गं तू? पुढं आलीस तर टाळकं फोडीन!"

"फोड. पण आधी बाजूला हो. तुझ्या चुलीखाली माझा नवरा आहे."

धनगराची बायको घाबरून किंचाळली आणि तिनं चुलीवरचं भांडं झटकन खाली ओढलं. धनगर तबनीच्या हाताकडं, मग तोंडाकडं बघत राहिला. मग सोटा टाकून त्यानं कुदळ आणली.

इद्दिया फारसा खोल नव्हताच. तबनीनं हाडं वेचली, खाली सासऱ्याशेजारी आणि मुलांशेजारी नीट लावली. म्हातारीचं काहीच नव्हतं. तबनीनं आपली शाल घडी करून तिच्या जागी ठेवली, पाणी ओतलं आणि सगळ्यांची नावं घेतली. म्हातारीच्या नावापाशी तिचा आवाज फुटला आणि ती मोठमोठ्यानं रडली. धनगरीण काही न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

खड्डा बुजवल्यावर धनगरानं चूल दुसऱ्या कोपऱ्यात मांडली.

"आता रात्रीची कुठं जाशील?" धनगरीण म्हणाली. "राहा इथंच. शेळ्या थोड्या ओरडतात, एवढंच."

तबनी राहिली.